डाव्या गालातला फिलर

मित्रांनो, मी एक जुना फिलर आहे. जुना म्हणालो म्हणून हसू नका. माझं वय जेमतेम वर्षभराचं, पण आमच्या जातीत वर्ष म्हणजे म्हातारपण आलं. फिलर म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि खड्डे भरून काढायला डॉक्टर कातडीखाली जी पारदर्शक जेली टोचतात, ती मी. दिसायला काही विशेष नाही. सिरिंजमध्ये भरून उजेडात धरलं तर हे पाणी की मी, हे सांगता यायचं नाही. बोटाने दाबलं की मात्र कळतं. पाणी पळून जातं, मी पुन्हा आपल्या जागी येतो.

माझं पूर्ण नाव हायलुरॉनिक ॲसिड. ॲसिड म्हटलं की लोक उगाच दचकतात. अहो, मी कुणाला भाजत नाही की चावत नाही! तुमच्या कातडीत, गुडघ्यांत, डोळ्यांत माझे सख्खे नातेवाईक तुमच्या जन्मापासून राहतात आणि पाणी धरून ठेवायचं काम मुकाट्याने करतात. वय झालं की ते कमी होतात, आणि मग माझी आठवण होते. आमच्या आधीच्या पिढीला कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे. माझा जन्म कारखान्यातला. स्टीलच्या एका मोठ्या टाकीत जिवाणू सोडलेले होते. त्यांना गोड पाणी पाजायचे, आणि ते खाऊनपिऊन मला तयार करायचे. मग मला गाळलं, धुतलं, वाळवून पांढरी भुकटी केली. साधाच राहिलो असतो तर कातडीत गेल्या गेल्या विरघळून गेलो असतो. म्हणून एका रसायनाने माझ्या धाग्यांना जागोजागी गाठी मारल्या, ते रसायन धुऊन काढलं, मला जाळीतून दाबून काढलं, सिरिंजमध्ये भरलं आणि वाफेत तापवलं. त्या गाठींमुळे मी टिकतो. टिकण्याचा मला फार अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

तिथून मी एका दवाखान्यात आलो. पांढरं कपाट, त्यात आम्ही खोक्यांत बंद. शेजारच्या खोक्यात ओठांचा फिलर होता, भारी तोरा त्याचा. तो म्हणायचा, मला लोक हौसेने बोलावतात, तुला नाइलाजाने. मी लक्ष द्यायचो नाही. कपाटाच्या दारातून खोलीतलं सगळं ऐकू यायचं. कुणी म्हणे, फोटोत मी माझ्या थोरल्या बहिणीपेक्षा थोरली दिसते. कुणी म्हणे, मुलीच्या लग्नात व्याह्यांसमोर असं ओघळलेलं तोंड घेऊन कशी उभी राहू? मला वाटायचं, आपल्यालाही असंच एखादं लग्नघर मिळावं. चार लोकांनी बघावं आणि म्हणावं, वा!

एके दिवशी दुपारी ती आली. मला आणि माझ्यासोबतच्या दुसऱ्या सिरिंजला खोक्यातून काढून ट्रेवर ठेवलं होतं, त्यामुळे ती मला नीट दिसली. पन्नाशीच्या आतलीच असावी. अंगात जाड स्वेटर, आणि गाल असे आत गेलेले की दात बाहेरून मोजावेत. डॉक्टरीणबाईंनी तिला आरशासमोर सरळ बसवलं, कारण आडवं झालं की चेहरा मागे सरतो आणि खड्डे खरे दिसत नाहीत. पांढऱ्या पेन्सिलीने त्या गालावर खुणा करायला लागल्या आणि मधेच थांबल्या.

"ताई, वजन बरंच उतरलंय तुमचं. काही आजार आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "माझ्या आईला होता तोच. औषधं घेऊन झाली. आता फक्त दुखणं कमी करायच्या गोळ्या आहेत."

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मग हे कशाला हो मागे लावून घेता?"

"वडिलांसाठी."

मग तिने जे सांगितलं, ते मी ट्रेवर पडल्या पडल्या ऐकलं. तिचे वडील न्हावी. सगळं आयुष्य लोकांचे गाल घासण्यात गेलं. दाढी झाली की उलट्या बोटांनी गिऱ्हाइकाचा गाल चाचपून बघायचे, कुठे खुंट राहिलाय का म्हणून. आता दुकान बंद झालं होतं आणि डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. उजेड आणि अंधार, एवढंच काय ते कळायचं. पण हाताची सवय गेली नव्हती. रोज सकाळी चहाच्या आधी ते खुर्चीत बसून हाक मारायचे, "ढब्बू, इकडे ये गं." ढब्बू म्हणजे हीच. लहानपणी गालगुबरी होती, म्हणून ते नाव पडलं. ती समोर वाकायची आणि ते तिच्या डाव्या गालावरून बोटं फिरवायचे.

"आईचं आम्ही त्यांच्यापासून लपवलं होतं," ती म्हणाली. "एक दिवस त्यांनी आईच्या गालाला हात लावला आणि म्हणाले, ही आता राहत नाही. त्यानंतर आई जाईपर्यंत ते धड जेवले नाहीत, झोपले नाहीत. तेव्हा हातीपायी धड होते म्हणून निभावलं. आता हृदय अगदी नाजूक झालंय. माझं कळलं तर त्यांचे हाल बघवणार नाहीत मला. ते माझ्या आधी जातील, डॉक्टर. जायला हवेत. तोवर मला फक्त गाल हवाय. सध्या सर्दी झालीय म्हणून लांब राहते, पण सर्दी तरी किती दिवस सांगणार?"

"डोळ्यांना दिसत असतं तर नुसत्या मेकअपने भागलं असतं," असं म्हणून ती हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या मोठ्या डॉक्टरांना फोन केला, बराच वेळ बोलल्या, मग तिला सगळे धोके समजावून सांगितले. "भरून देते," त्या म्हणाल्या. "पण मला विचाराल तर सांगून टाका त्यांना."

"तुमचे वडील आहेत?"

"नाहीत."

"मग राहू द्या," ती म्हणाली. आणि तो विषय तिथेच संपला.

सुई टोचण्याआधी डॉक्टरीणबाईंनी गाल बधिर केला, औषधाने पुसला, आणि मला अगदी सावकाश आत सोडलं. थोडा मी हाडापाशी बसलो, थोडा खालच्या पोकळीत पसरलो. जोडीदार उजव्या गालात गेला. त्या मधूनमधून कातडी पांढरी पडत नाही ना, हे बघत होत्या, कारण मी चुकून रक्तवाहिनीत शिरलो तर मोठा अनर्थ होतो. तसं काही झालं नाही. आरसा हातात दिला तेव्हा ढब्बू स्वतःकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अगदी पूर्वीसारखी नाही. पण हाताला चालेल."

पहिले काही दिवस गाल दुखरा आणि सुजलेला होता. तिने घरी सांगितलं, दाढ काढली म्हणून. बाबा म्हणाले, "मला विचारायचं होतंस. मी फुकटात काढली असती." पूर्वी न्हावी दातही काढायचे, असं ते अगदी ठासून सांगत. सूज उतरल्यावर एका सकाळी तिने स्वतःच खुर्चीसमोर जाऊन गाल पुढे केला.

मित्रांनो, त्या हाताची मला कोण भीती वाटली होती! किती हजार गाल त्या बोटांखालून गेले असतील! बोटं कानापासून निघाली, माझ्यावर आली, थांबली. मी श्वास धरून बसलो, म्हणजे मला श्वास असता तर धरला असता. तिचा मात्र खरंच अडकला होता, मला आतून जाणवत होतं. बोटांनी मला हळूच दाबलं. मी दबलो आणि पुन्हा वर आलो.

"अगं, भरलीस की!" बाबा म्हणाले. "मला आपली उगाच धास्ती लागली होती. सर्दी सर्दी करून जवळ यायची नाहीस, म्हटलं हिचंही आईसारखंच..."

"काहीतरीच काय बाबा तुमचं!"

"बरं बाई, चुकलो. चहा टाक. साखर नीट घाल, कालचा नुसता गरम पाण्यासारखा होता."

तिने स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. तिचा जीव भांड्यात पडला होता. माझी मात्र छाती फुगली. मला वाटलं, काय काम केलंय आपण!

त्यानंतरचे महिने माझ्या कौतुकाचे होते. ढब्बू चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाला आरशासमोर बसवायचं, नाकावर फ्रेम ठेवायची, कानामागची दांडी गरम करून वाकवायची, हे तिचं काम. नेहमीची गिऱ्हाइकं म्हणायची, "ताई, तुम्ही तर दिवसेंदिवस तरुण दिसायला लागलात. काय खाता?" ती म्हणायची, "मार." सगळे हसायचे. धाकटा भाऊ दूरच्या शहरात राहायचा. तो फोनवर चेहरा बघून म्हणायचा, "वा ताई, तब्येत सुधारली." ती फोन असा धरायची की मान आणि खांदे दिसायचे नाहीत.

खरं काय ते एकट्या वहिनींना ठाऊक होतं. वहिनी म्हणजे शेजारच्या घरातल्या. दुकानातून यायला उशीर झाला तर त्याच बाबांना जेवायला वाढायच्या. त्यांनी एकदा तिचं मनगट धरलं आणि दचकून सोडलं. "अगं, ही काय काडी झालीय! गाल बघितला की वाटतं मस्त आहेस, आणि बाकी सगळी हाडं. सांग ना बाबांना."

"ते रोज गालाला हात लावतात आणि मग पोटभर जेवतात, वहिनी. त्यांचं ते जेवण मी बंद करू?"

वहिनींनी तिच्या स्वेटरची बाही मनगटावर ओढली.

आणि मित्रांनो, पुढचं सगळं घडलं ते माझ्यामुळेच. मी वाईट निघालो असतो, विरघळलो असतो, गुठळी झालो असतो, तर ते झालं नसतं. मी उत्तम निघालो, तिथेच सगळं फिसकटलं. एका सकाळी बाबांनी नेहमीसारखी बोटं फिरवली आणि हात तसाच ठेवून म्हणाले, "ढब्बू, मी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतो."

गालाखाली तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले. आई गेल्यापासून तो विषय काढला की बाबा खेकसायचे, आता काय बघायचं राहिलंय म्हणायचे. भाऊ सांगून सांगून थकला होता.

"आता एकदम कसं काय?" ती म्हणाली.

"तुझी आई कशी वाळून गेली, तेच डोळ्यापुढे राहिलंय माझ्या. शेवटचं नीट दिसलं ते तेच. आता तुझे गाल इतके छान भरलेत. नुसते चाचपून समाधान होत नाही गं. बघायचेत मला. धाकट्याच्या गावी मोठं डोळ्यांचं हॉस्पिटल आहे. जातो, राहतो थोडे दिवस त्याच्याकडे, डोळा करून येतो. तू आता ठणठणीत आहेस, मला तुझी काळजी नाही."

ती काय बोलणार? जाऊ नका म्हणावं तर का ते सांगावं लागणार. शिवाय डोळे आले की संपलंच. मी गाल सांभाळत होतो, पण कपाळाच्या बाजूचे खड्डे, गळ्याच्या शिरा, मनगटं, यातलं काही माझ्या हातात नव्हतं. हाताला फसवता येत होतं, डोळ्यांना कोण फसवणार?

भाऊ न्यायला आला त्या दिवशी ती स्वेटरवर स्वेटर घालून दाराशी उभी राहिली. भाऊ घाईत होता, रिक्षा खोळंबली होती. बाबांनी उंबऱ्यात पुन्हा एकदा तिचा गाल चाचपला. "आता पुढच्या वेळी बघून सांगतो तू गोरी आहेस का काळी," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले. तीही हसली. हसताना मी वर सरकलो, ते त्यांच्या बोटांना कळलं असणार. रिक्षा वळल्यावर ती दार लावायला विसरली आणि तिथेच पायरीवर बसली. वहिनींना म्हणाली, "थांबा म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं." वहिनी म्हणाल्या, "मग म्हणायचं होतं."

बाबा गेले आणि ती झपाट्याने खालावली. इतके दिवस सकाळी उठायला एक कारण होतं, ते गेलं. दुकान सुटलं, मग जिना सुटला, मग स्वयंपाकघर सुटलं. वहिनी दिवसभर तिच्याजवळ असायच्या. चेहरा इतका उतरला की आम्ही दोघे गालांत उपऱ्यासारखे दिसायला लागलो. उशीवर डोकं टेकलं की कानशिलाशी खड्डा, हनुवटीखाली खड्डा, आणि मधे आम्ही मात्र गरगरीत. मला लाज वाटायची. पण माझ्या धाग्यांना गाठी मारलेल्या, मी कुठे जाणार?

एका सकाळी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "वहिनी, बाबांना बोलवा."

"सांगू काय त्यांना?"

"सगळं सांगा. आता कळलं तर कळू दे. मला त्यांचा हात हवाय."

मित्रांनो, इतके महिने जे होऊ नये म्हणून ती धडपडली, तेच तिला आता हवं होतं. वहिनींनी लगेच फोन लावला आणि तिच्या कानाशी, म्हणजे माझ्याशेजारीच धरला. फोन बाबांनीच घेतला. मी प्रत्येक शब्द ऐकला.

"बाबा, मला बरं नाही. या ना तुम्ही."

"काय झालं? ताप आहे?"

"ताप नाही. आईला होतं ते..."

पुढे तिला धाप लागली आणि बोलता येईना. वहिनींनी फोन घेतला, म्हणाल्या, बाबा, फार आजारी आहे ती, आजच्या आज निघा. त्यावर पलीकडून बाबांचा हसरा आवाज आला. "अहो वहिनी, तिला काय धाड भरलीय! मी स्वतःच्या हाताने बघितलेत तिचे गाल. मी नाही म्हणून घाबरली असेल, लहानपणीही असंच करायची. हे बघा, इतके दिवस हृदयाच्या तपासण्यांत गेले, डोळ्याचं कालच झालंय. उद्या सकाळी पट्टी काढतायत. ती काढतो आणि तसाच गाडीत बसतो. तिला म्हणावं, डोळ्यांनी बघायला येतोय."

वहिनींनी रडत रडत पुन्हा सगळं सांगितलं. भावाला फोन द्यायला लावला, त्यालाही सांगितलं. तो हबकला, पण बाबा हटून बसले. त्यांना वहिनींपेक्षा स्वतःच्या बोटांचा जास्त भरवसा होता. आणि त्या बोटांना भरवसा दिला होता मी.

ती दुपारपर्यंत दाराकडे बघत होती. उद्या येतायत, एवढंच तिला सांगितलं होतं. "उद्या," ती दोनतीनदा म्हणाली. ऊन उतरायला लागलं तेव्हा तिचा श्वास थांबला. माझ्या आजूबाजूची ऊब हळूहळू कमी झाली. वहिनींनी तिचे केस सारखे केले आणि चादर गळ्यापर्यंत ओढली.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. भावाने त्यांना वाटेतच सांगितलं होतं, पण ते मानायला तयार नव्हते. काळा चष्मा काढून ते पलंगाशी उभे राहिले. किती वर्षांनी त्यांना लेकीचा चेहरा दिसत होता. आधी कानशिलं बघितली. मग चादर खाली केली, गळा बघितला, खांद्याची हाडं बघितली. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि उलट्या बोटांनी माझ्यावरून हात फिरवला. दाबून बघितलं. मी दबलो आणि पुन्हा वर आलो.

"इथे तर काही झालेलं नाही," ते म्हणाले. "गाल भरलेला आहे. मग ही गेली कशी?"

शेवटी वहिनींनी सांगितलं की तो गाल तिचा नाही, दवाखान्यातून भरून आणलेला आहे.

"कुणासाठी?"

"तुमच्या हातासाठी, बाबा."

त्यांनी विस्तवाला लागावा तसा हात मागे घेतला. म्हणाले, "अगं, मी तुला भरवलं असतं. तुझ्या आईला भरवत होतो तसं. तेवढंही करू दिलं नाहीस मला." मग भावाने पुढे केलेल्या खुर्चीवर बसले आणि तिचं मनगट हातात घेतलं. तिथे कुणी काही भरलेलं नव्हतं. नुसतं हाड आणि त्यावर कातडी. त्या हाडावरून ते अंगठा फिरवत राहिले, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू आलं.

मित्रांनो, माझं सांगणं एवढंच आहे. आरशासाठी, फोटोसाठी, स्वतःच्या समाधानासाठी मला गालात घालायचं असेल तर चांगल्या डॉक्टरांकडे जा आणि खुशाल घाला, माझी काही तक्रार नाही. पण घरात कुणी तुमच्या गालाला हात लावून तुमची खुशाली बघत असेल, तर त्याच्यापासून मला लांब ठेवा. गाल वाळला असेल तर वाळलेलाच पुढे करा. तो रडेल, जेवणार नाही, तुमच्या उशाशी बसून जागेल. बसू द्या त्याला.

बाहेर माणसं जमली आहेत. थोड्या वेळात तिला नेतील, तिच्याबरोबर मलाही. भाऊ मघापासून विनवतो आहे, बाबा, एकदा शेवटचा तिच्या गालाला हात लावा. बाबा मान हलवून नाही म्हणतात, मनगट काही सोडत नाहीत.